एका टन चोथ्यातले रेडियम: र्‍यू लोमोंवरच्या छपरीतले प्रकरण

पॅरिसच्या र्‍यू लोमोंवरील औद्योगिक भौतिकी आणि रसायन शाळेच्या अंगणात १८९९ साली तपकिरी मातीची पोती उतरली. मातीत पाइनच्या सुया मिसळलेल्या होत्या, कारण हा माल तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात असलेल्या बोहेमियातल्या योआखिम्सथालच्या खाणीजवळ जंगलात टाकून दिलेला होता. पिचब्लेंड नावाच्या काळ्या, जड खनिजातून युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला हा चोथा. युरेनियमला काचेच्या रंगासाठी गिऱ्हाईक होते, चोथ्याला कोणी विचारत नव्हते. व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष, भूवैज्ञानिक एदुआर्त झ्यूस यांनी शब्द टाकला आणि ऑस्ट्रियन सरकारने तो मारी आणि पियेर क्यूरींना देऊ केला.

ही गोष्ट सांगताना लोक गळके छप्पर, धूर आणि माणसाच्या उंचीचा लोखंडी दांडा यांवरच रेंगाळतात. कष्ट खरेच होते. पण ढवळणारे हात कारखान्यात रोजंदारीवर मिळतात, आणि पहिले ढोबळ काम पुढे कारखान्यातच झाले. खरी अडचण वेगळी होती. कोणी न पाहिलेले, अणुभार माहीत नसलेले एक मूलद्रव्य टनभर मालात कुठेतरी आहे. दर पायरीला माल दोन भांड्यांत विभागला जातो. मूलद्रव्य कुठल्या भांड्यात गेले हे कसे ओळखायचे? या प्रकरणातले जवळपास सगळे निर्णय या एका प्रश्नाभोवती फिरतात.

मोजायचे कशाने

आंरी बेकरेल यांनी १८९६ मध्ये युरेनियमचे किरण फोटोच्या काचेवर पकडले होते. काच काळी पडते, पण ती किती काळी पडली हे नजरेच्या अंदाजाने ठरवावे लागते. डिसेंबर १८९७ मध्ये काम सुरू करताना मारी क्यूरींनी मोजमापासाठी काच बाजूला ठेवली आणि किरणांचा दुसरा गुण धरला. हे किरण ज्या हवेतून जातात ती हवा वीज वाहू लागते.

मांडणी अशी होती: ८ सेंमी व्यासाच्या दोन धातूच्या तबकड्या, मध्ये ३ सेंमी अंतर. खालच्या तबकडीवर नमुन्याची बारीक पूड सारखी पसरायची आणि ती तबकडी १०० व्होल्टच्या बॅटरीला जोडायची. वरच्या तबकडीवर जमणारा वीजभार इलेक्ट्रोमीटरकडे, म्हणजे वीजभार दाखवणाऱ्या उपकरणाकडे, न्यायचा. प्रवाह काही पिकोअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या लाख कोटीव्या भागाच्या हिशेबात मोजण्याजोगा. तो थेट वाचून दाखवील असा मीटर तेव्हा नव्हता. म्हणून त्यांनी तराजूसारखी शून्यावर आणण्याची पद्धत वापरली. क्वार्ट्झची पातळ पट्टी ताणली की तिच्या दोन बाजूंवर वीजभार येतो आणि तो ताणाच्या प्रमाणात असतो, हे पियेर आणि त्यांचे बंधू जॅक यांनी १८८० मध्येच दाखवले होते. पट्टीला पारडे टांगायचे, त्यात वजन ठेवायचे, पण हाताने तोलून धरायचे. एका हाताने वजन हळूहळू सोडत इलेक्ट्रोमीटरच्या आरशावरून पडणारा प्रकाशाचा ठिपका शून्यावर खिळवून ठेवायचा, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. वजन पूर्ण सुटेपर्यंत किती सेकंद लागले ते टिपायचे. पट्टीने दिलेला भार भागिले सेकंद, हा प्रवाह.

हे ऐकायला सोपे वाटते, पण करताना हात कापला की मोजणी वाया जाते. दमट हवेत निरोधक गळतात आणि ठिपका आपोआप सरकू लागतो. फेब्रुवारी १८९८ मधल्या एका दिवशी प्रयोगवहीत खोलीचे तापमान ६.२५ अंश सेल्सिअस असे लिहून पुढे उद्गारचिन्हांची रांग आहे. ती वैतागाची असेल, पण अशा उपकरणासाठी तापमान ही कामाची नोंदही असते.

पुडीची जाडी ही दुसरी खाच. युरेनियमच्या संयुगाचा थर जाड केल्याने प्रवाह फारसा वाढत नाही, कारण खालच्या थरातले किरण वरच्याच थरात शोषले जातात. थोरियम ऑक्साइडचे तसे नाही: ०.२५ मिमी थराला २२ पिकोअँपिअर, ६ मिमी थराला ५३. कारण पुढे कळले. थोरियमपासून किरणोत्सारी वायू निघतो, तो पुडीतून वर येतो आणि तबकड्यांमधल्या हवेतच फुटतो. जाडी न लिहिता आकडे ताडून पाहिले असते तर थोरियमबद्दलचा कुठलाही निष्कर्ष फसला असता.

आकडा जिथे अडला

शाळेतून, संग्रहालयांतून, ओळखीच्यांकडून मिळतील ती खनिजे तबकडीवर ठेवली गेली. युरेनियम धातूला २३ पिकोअँपिअर. किरणोत्सार फक्त युरेनियमचा असेल तर कुठलेही युरेनियमचे खनिज शुद्ध धातूच्या वर जाता कामा नये. कॉर्नवॉलच्या पिचब्लेंडने तसे वागून दाखवले, १६. पण योआखिम्सथालच्या पिचब्लेंडला ७०, योहानगेओर्गनश्टाटच्या नमुन्याला ८३ आणि कॅल्कोलाइटला ५२.

इथे घाईने ‘नवे मूलद्रव्य’ म्हणता आले असते. बाईंनी आधी एक पडताळा घेतला, आणि आमच्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा प्रयोग तोच. कॅल्कोलाइट म्हणजे तांबे आणि युरेनियमचे फॉस्फेट. ते प्रयोगशाळेत बनवता येते: तांब्याचे फॉस्फेट फॉस्फोरिक आम्लात विरघळवायचे, त्यात युरेनियम नायट्रेटचे द्रावण घालायचे आणि ५० ते ६० अंशांवर ठेवायचे. काही वेळाने स्फटिक पडतात. घटक तेच, रचना तीच, फक्त खाणीतला कचरा नाही. या कृत्रिम कॅल्कोलाइटला प्रवाह आला ९. म्हणजे खाणीतल्या कॅल्कोलाइटमधले जास्तीचे ४३ ना तांब्यातून आले, ना फॉस्फेटमधून, ना स्फटिकाच्या घडणीतून. खाणीतल्या दगडात आणखी काहीतरी होते.

आज या आकड्यांचा हिशेब लावता येतो. युरेनियमचा अणू फुटतो, त्याचा दुसरा होतो, तोही फुटतो, अशी साखळी शिशापर्यंत चालते आणि तिच्या काही पायऱ्यांवर अल्फा नावाचे जड कण बाहेर पडतात. रसायनशाळेत शुद्ध केलेल्या युरेनियमात अल्फा कण सोडणारे मुख्यतः दोनच अणू उरतात, युरेनियम-२३८ आणि २३४. न हललेल्या जुन्या खनिजात त्याच साखळीतले आठ अल्फा-उत्सर्जक समतोलात असतात. म्हणजे नुसत्या संख्येनेच चौपट. शिवाय खालच्या पायरीवरच्या अणूंचे अल्फा कण जास्त ऊर्जेचे असतात, हवेत लांब जातात आणि जास्त आयन करतात. ५२ भागिले ९ हे ५.८ येते, ते असे. त्या वेळी यातले काही माहीत नव्हते, पण मोजमाप चोख असल्यामुळे आकडा आजही जागेवर बसतो.

१४ एप्रिल १८९८ रोजी १०० ग्रॅम पिचब्लेंड खलात घेतले. १८ जुलैला पोलोनियम हे नवे मूलद्रव्य जाहीर झाले, युरेनियमच्या ४०० पट सक्रिय, म्हणजे तबकडीवर तितका जास्त प्रवाह देणारे. ‘किरणोत्सारी’ हा शब्द त्या निबंधाच्या शीर्षकात पहिल्यांदा आला. २६ डिसेंबरला गुस्ताव्ह बेमों यांच्यासह रेडियम जाहीर झाले, ९०० पट सक्रिय, बेरियमच्या क्लोराइडमध्ये दडलेले. वर्णपटाचे जाणकार एझेन दमार्से यांना त्या नमुन्याच्या वर्णपटात एक अनोळखी रेघ दिसली. पण रसायनशास्त्रज्ञांना रेघेने समाधान होत नाही. त्यांना बाटलीत पदार्थ आणि तराजूवर अणुभार हवा असतो. म्हणून तो टनभर चोथा.

चोथा निवडण्यामागचा हिशेबही मोजमापाचाच. योआखिम्सथालला पिचब्लेंड सोड्याबरोबर भाजून, कोमट पाण्याने आणि मग पातळ सल्फ्यूरिक आम्लाने युरेनियम धुऊन काढत. रेडियम सल्फेट हे अतिशय अविद्राव्य, त्यामुळे ते आम्लात न जाता मागेच राहिले. युरेनियम काढून टाकलेला चोथा युरेनियम धातूच्या साडेचार पट सक्रिय होता. महागडे खनिज विकत घेण्यापेक्षा फुकटातला कचरा जास्त श्रीमंत होता.

टनावरून आठ किलोवर

चोथ्यात मुख्यतः शिसे आणि कॅल्शियमची सल्फेटे, सिलिका, अॅल्युमिना आणि लोहाचे ऑक्साइड. त्याशिवाय तांबे, बिस्मथ, जस्त, कोबाल्ट, निकेल, मँगनीज, अँटिमनी, आर्सेनिक, बेरियम, विरळ मृदा धातू. रसायनाच्या पुस्तकाची अनुक्रमणिकाच म्हणा.

क्रम असा ठरला. प्रथम चोथा कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात उकळायचा. शिसे, कॅल्शियम, अॅल्युमिनियमशी जखडलेले सल्फ्यूरिक आम्ल सोड्याला चिकटून पाण्याबरोबर निघून जाते, थोडे शिसे, सिलिका आणि अॅल्युमिनाही जातात. उरलेल्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल. बराचसा माल विरघळतो आणि त्या द्रावणातून पोलोनियम आणि अॅक्टिनियम (हेही एक किरणोत्सारी मूलद्रव्य) काढता येतात. रेडियम अजूनही न विरघळलेल्या गाळात, सल्फेटच्या रूपात.

आता हा गाळ पाण्याने धुऊन धुण्याच्या सोड्याच्या तीव्र द्रावणात उकळायचा. बेरियम आणि रेडियमची सल्फेटे कार्बोनेटे होतात. मग पुन्हा धुणे, आणि हे धुणे सर्वांत महत्त्वाचे. थोडे जरी सल्फेट मागे राहिले तर पुढच्या पायरीत हायड्रोक्लोरिक आम्ल घालताच रेडियम पुन्हा सल्फेट होऊन गाळात बसते आणि गाळणीबरोबर फेकले जाते. म्हणून आम्लही सल्फ्यूरिकचा लवलेश नसलेलेच घ्यावे लागते. द्रावण गाळून त्यात मुद्दाम सल्फ्यूरिक आम्ल घातले की बेरियम-रेडियमचा कच्चा सल्फेट साका पडतो. एका टनातून १० ते २० किलो, सक्रियता युरेनियमच्या ३० ते ६० पट.

या साक्याचे पुन्हा कार्बोनेट, पुन्हा क्लोराइड. हायड्रोजन सल्फाइड सोडून पोलोनियम असलेली सल्फाइडे काढायची, क्लोरीनने ऑक्सिडीकरण करून शुद्ध अमोनियाने अॅक्टिनियमचा साका पाडायचा. उरलेल्यातून सोड्याने कार्बोनेटे, त्यांची क्लोराइडे करून कोरडी करायची आणि तीव्र शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवायची. कॅल्शियम क्लोराइड आम्लात जाते, बेरियम-रेडियम क्लोराइड मागे राहते. टनामागे सुमारे ८ किलो, सक्रियता ६० पट.

हे मोठ्या भांड्यांचे काम ‘सोसिएते सांत्राल द प्रॉद्वी शिमिक’ या कंपनीच्या कारखान्यात आंद्रे दबिएर्न यांच्या देखरेखीखाली गेले. अॅक्टिनियम १८९९ मध्ये यांनीच शोधले. पण शाळेच्या आवारातल्या छपरीत, जी पूर्वी वैद्यक शाळेची शवविच्छेदनाची खोली होती, तिथेही मारी क्यूरी एका वेळी २० किलोपर्यंत माल उकळत होत्या. विषारी वायू ओढून नेणारे धुराडे नव्हते, म्हणून शक्य तेव्हा अंगणात आणि पावसात खिडक्या उघड्या ठेवून आत. ही एक कमतरता पुढे जिवावर बेतली का, ते शेवटी पाहू.

आठ किलोवरून चिमटीवर

बेरियम आणि रेडियम आवर्त सारणीत एकाखाली एक. एक जिथे जाते तिथे दुसरे जाते. कुठल्याही अभिक्रियेने ते सुटे होत नाहीत. फरक इतकाच की रेडियम क्लोराइड पाण्यात बेरियम क्लोराइडपेक्षा थोडे कमी विरघळते.

म्हणून भागशः स्फटिकीकरण. क्लोराइड ऊर्ध्वपातित पाण्यात घेऊन उकळत्या तापमानाला संपृक्त द्रावण करायचे आणि झाकलेल्या बशीत थंड व्हायला ठेवायचे. तळाशी घट्ट चिकटलेले सुंदर स्फटिक बसतात, वरची निवळी अलगद ओतून घेता येते. निवळीतला थोडा अंश सुकवून तबकडीवर ठेवला तर कळते की स्फटिक निवळीतल्या क्षारापेक्षा सुमारे पाचपट सक्रिय आहेत.

पाचपट म्हटले की काम झटपट होईल असे वाटते. जरा हिशेब करू. समजा दर वेळी निम्मा क्षार स्फटिक होतो. स्फटिक आणि निवळी यांचे गुणोत्तर ५ : १ असेल, तर सरासरीच्या तुलनेत स्फटिक फक्त १.६७ पट समृद्ध होतात. दर फेरीत ८३ टक्के रेडियम स्फटिकात जाते, १७ टक्के निवळीत निसटते. ६० पटीपासून सुमारे दहा लाख पटीपर्यंत जायला अशा १९ फेऱ्या लागतील. १९ वेळा निम्मे केले की ८ किलोचे १५ मिलिग्रॅम उरतात, आणि मूळ रेडियमपैकी जेमतेम ३ टक्के हाती येते. बाकीचे ९७ टक्के टाकलेल्या निवळ्यांत गेलेले असते. (गुणोत्तर सगळीकडे पाचच राहते असे धरले आहे, प्रत्यक्षात ते हलते, पण चित्र हेच.)

त्यामुळे निवळी टाकायची नाही, हा या पद्धतीचा कणा. पहिल्या फेरीतून दोन वाटे: स्फटिकांचा वाटा अ, निवळीचा वाटा ब. दोन्हींचे स्वतंत्रपणे पुन्हा स्फटिक पाडायचे. अ ची निवळी आणि ब चे स्फटिक यांची सक्रियता जवळपास सारखी येते, ते एकत्र करायचे. आता तीन वाटे. असेच पुढे, पण वाट्यांची संख्या ठरावीक ठेवायची. प्रत्येक फेरीनंतर एका बशीतली निवळी शेजारच्या कमी सक्रिय बशीतल्या स्फटिकांवर ओतायची. एका टोकाला निवळीची सक्रियता नगण्य झाली की तेवढे बेरियम बाहेर काढायचे, दुसऱ्या टोकाला पुरेसा समृद्ध झालेला वाटा बाजूला ठेवायचा. रेडियम एका दिशेने सरकते, बेरियम दुसऱ्या. ओळीने मांडलेल्या बशा, प्रत्येकीवर आकडा, आणि आकडा इलेक्ट्रोमीटरने दिलेला. तो नसता तर कुठली निवळी कुठल्या बशीत ओतायची हे सांगणारे दुसरे काहीही नव्हते.

माल कमी होत गेला की नवी अडचण. ग्रॅमभर क्षाराचे संपृक्त द्रावण इतके थोडे होते की ओतताना ते बशीला आणि स्फटिकांनाच चिकटून राहते, निवळी वेगळी होत नाही. उपाय म्हणजे पाण्याऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेले पाणी. त्यात क्षार कमी विरघळतो, त्यामुळे तेवढ्याच मालाला द्रावण जास्त लागते आणि हाताळता येते. ब्राउनश्वाइगचे रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिष गीझेल यांनी क्लोराइडऐवजी ब्रोमाइड घ्यावे असे सुचवले. सुरुवातीच्या पायऱ्यांना ते खरेच जास्त लवकर उरकते.

फसवणाऱ्या चार गोष्टी

पहिली, रंग. रेडियम असलेले बेरियमचे स्फटिक पडताना रंगहीन असतात, नंतर पिवळे, नारिंगी, कधी गुलाबी होतात आणि विरघळवले की रंग जातो. हे किरणांचे काम. पण रंग गडद म्हणजे माल शुद्ध, असे नाही. एका मध्यम प्रमाणाला रंग सर्वांत गडद असतो आणि शुद्ध रेडियम क्लोराइड रंग घेत नाही. रंगावर विसंबणाऱ्याने चांगला वाटा ‘फिका’ म्हणून मागे टाकला असता.

दुसरी, नमुन्याचे वय. द्रावणातून नुकताच काढलेला रेडियमचा क्षार कमी सक्रिय दिसतो आणि सुमारे महिनाभर वाढत जातो. रेडियमपासून रेडॉन वायू होतो, त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा फुटून जायला लागणारा वेळ, ३.८ दिवस. उकळताना तो उडून जातो आणि मग घन क्षारात पुन्हा साठतो. ताज्या क्षारात एक अल्फा, मुरलेल्यात साखळीतले चार. ताजा नमुना जुन्याशी ताडला तर चौपटीच्या घरातली चूक होते, आणि ती रसायनातली चूक वाटते. दोन्ही नमुने सारख्या वयाचे घ्या, नाहीतर महिनाभर थांबा.

तिसरी, धूळ. छपरीत कोळशाची आणि लोखंडाची धूळ सतत उडत असे. किलोच्या बशीत ती चालते, दहा-वीस मिलिग्रॅमच्या बशीत लोहाचा कणही अशुद्धी ठरतो.

चौथी सर्वांत वाईट: मोजणारे यंत्रच बिघडले. रेडॉन उघड्या बशांतून खोलीभर पसरतो, त्याचे अपत्य अणू भिंतींवर, कपड्यांवर, धुळीवर बसतात, आणि हवा स्वतःच वीजवाहक होते. १९०३ च्या प्रबंधात मारी क्यूरींनी लिहूनच ठेवले की प्रयोगशाळेत नीट निरोधित असे एकही उपकरण उरलेले नाही. ज्या मापाने वाट दाखवली ते माप मालाच्या यशामुळेच निकामी होत होते.

तराजू

१९०२ मध्ये सुमारे एक दशांश ग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड हाती होते. आठ किलो गुणिले ६० भागिले दहा लाख, असा ढोबळ हिशेब केला तर टनामागे जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम येतो. फरक गळती आणि मधल्या वाट्यांत अडकलेल्या मालाचा.

अणुभाराची रीत जुनीच: स्फटिकातले पाणी घालवून वजन, पाण्यात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटने क्लोरीनचा साका, सिल्व्हर क्लोराइडचे वजन. रेडियम द्विसंयुजी धरले की बाकीचा गुणाकार-भागाकार. १८९९ च्या समृद्ध नमुन्यांनी बेरियमच्या १३७ पेक्षा थोडाच जास्त आकडा दिला होता. १९०२ मध्ये आला २२५. एवढ्याशा मालात ०.१ मिलिग्रॅमची वजनचूक अणुभार सुमारे ०.३ ने हलवते, आणि एक टक्का बेरियम क्लोराइड शिल्लक राहिले तर आकडा १.३ ने खाली येतो. आजचे मूल्य २२६.०३ आहे. म्हणजे बशीतला माल जवळपास निखळ होता. १९०७ मध्ये ०.४ ग्रॅमवर तोच प्रयोग करून त्यांनी २२६.४५ काढला, आणि १९१० मध्ये दबिएर्न यांच्यासह पाऱ्याच्या ऋणाग्रावर विद्युत विघटन करून, पारा हायड्रोजनच्या वातावरणात उडवून, धातूरूप रेडियम मिळवले. १९११ चे रसायनाचे नोबेल याच वाटचालीचे.

पोलोनियम मात्र बाटलीत आले नाही. कौशल्य तेच होते, पण एक टन युरेनियमबरोबर खनिजात ०.३४ ग्रॅम रेडियम असते, तर पोलोनियम फक्त ७५ मायक्रोग्रॅम. शिवाय अर्धायुष्य १३८ दिवस. दहा महिने शुद्ध करत बसले तर पाऊण भाग हातातच विरून जातो. रेडियमऐवजी पोलोनियम निवडले असते तर हे प्रकरण अपयशाचे म्हणून लिहावे लागले असते.

मागे उरलेले

बेरियमच्या मागे जाणारे रेडियम शरीरात कॅल्शियमच्या मागे जाते आणि हाडात बसते. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी १९१७ पासून रेडियम मिसळलेल्या रंगाने घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशला ओठांनी टोक काढत होत्या. त्यांचे जबडे झिजले, हाडे मोडली. त्यांच्या शरीरातल्या रेडियमच्या मोजणीवरूनच १९४१ मध्ये अमेरिकेत ०.१ मायक्रोग्रॅम ही शरीरातली कमाल मर्यादा ठरली. (आपल्याकडे ‘रेडियम आर्ट’च्या दुकानातून दुचाकीला चिकटवतो त्या ‘रेडियम’च्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. तो फक्त प्रकाश परतवणारा कागद आहे. चकाकणाऱ्या तबकड्यांवरून नाव मराठीत आले आणि इथेच मुरले.)

फ्रान्समध्ये घाण अजून निघते आहे. आर्कयमधली रेडियम संस्थेची जुनी प्रयोगशाळा साफ करणे हे वर्षानुवर्षांचे काम ठरले, आणि २०१० मध्ये तिथल्या शासनाने, जिथे पूर्वी रेडियम हाताळले जात होते अशा घरांची आणि दुकानांची तपासणी सुरू केली. मारी क्यूरींच्या प्रयोगवह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात खास खबरदारीने ठेवाव्या लागतात. अर्धायुष्य १६०० वर्षे असल्यामुळे १९०२ मधले रेडियम आजवर जेमतेम पाच टक्के कमी झाले आहे.

मारी क्यूरी ४ जुलै १९३४ रोजी रक्तपेशी तयार करणारी मज्जा निकामी झाल्याने गेल्या. सगळ्यांनी रेडियमला दोष दिला, आणि छपरीतली ती धुराड्याविना केलेली वर्षे पाहता ते साहजिक होते. एप्रिल १९९५ मध्ये पार्थिव पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोरांच्या समाधिमंदिरात, हलवताना फ्रान्सच्या किरणोत्सार-संरक्षण कार्यालयाने शवपेटीतली हवा मोजली. पेटीला आत शिशाचा थर होता. हाडांत रेडियम मोठ्या प्रमाणात असते, तर एकसष्ट वर्षांत त्यातले तीन टक्केही कमी झाले नसते आणि पेटीत रेडॉन साचत राहिला असता. आकडा आला घनमीटरला ३६० बेकरेल, म्हणजे सेकंदाला ३६० अणू फुटणे. नेहमीच्या हवेपेक्षा जास्त, पण प्राणघातक मात्रेचे रेडियम अंगात असल्याचे दाखवील इतका नाही. कार्यालयाने बोट दाखवले ते पहिल्या महायुद्धात फिरत्या गाड्यांमधून त्यांनी आडोशाविना चालवलेल्या क्ष-किरण यंत्रांकडे.